मालवाहू पिकअपच्या टपाची गळती व तिचा बंदोबस्त

रब्बी हंगामातील उन्हाळ कांदा मार्च ते मे या महिन्यांत काढला जातो आणि चाळीत भरून ठेवला जातो. पुढील चार-पाच महिने शेतकऱ्याचे सारे कुटुंब त्या चाळीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते. सडका कांदा वेचून काढावा, कोंब आलेला बाजूला करावा, पावसाची झड आत येऊ नये म्हणून बाजूंना पडदे लावावेत, अशी ही राखण असते. इतक्या कष्टाने जपलेला माल भर पावसाळ्यात बाजाराकडे निघतो. त्या अखेरच्या पंधरा-वीस किलोमीटरांच्या वाटेवर गाडीचा टप गळका निघाला, तर महिन्यांची राखण तासाभरात वाया जाते.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगावची बाजारपेठ कांद्यासाठी सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे मालाने भरलेल्या वाहनांच्या रांगा लागतात. व्यापारी वाहनातील माल पाहून बोली बोलतात, आणि नंतर माल खळ्यावर खाली केला जातो. वरचा कांदा कोरडा व तळाचा ओला निघाला, की ठरलेल्या भावाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. ओल्या कांद्यावर काळी बुरशी व मऊ कूज लवकर धरते, आणि एका ओल्या थराची बाधा शेजारच्या कोरड्या कांद्याला होते. म्हणून व्यापाऱ्याने भाव तोडला, तर त्यास नुसते निमित्त म्हणता येत नाही.

कांद्याचे जे, तेच सोयाबीनचे. परतीच्या पावसात सोयाबीनची वाहतूक होते. किमान आधारभूत किमतीच्या खरेदीत सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरली जाते. २०२४ च्या हंगामात केंद्र शासनाने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. खळ्यावर नीट वाळविलेले धान्य वाटेत भिजले, तर ते या मर्यादेबाहेर जाते. युरिया हवेतील ओलही शोषून घेतो. मग थेट पाण्याची काय कथा! बियाण्याच्या पिशवीत पाणी गेले, तर उगवणीचाच भरवसा राहत नाही.

एक नेहमीचा प्रसंग

पुढील प्रसंग कोणत्याही गावी घडू शकेल असा आहे. एका शेतकऱ्याने आपल्या पिकअपच्या हौद्यावर पत्र्याचा टप बसवून घेतला होता. पहिला पावसाळा ठीक गेला. दुसऱ्या वर्षी श्रावणात मागील बाजूचा कांदा ओला निघू लागला. त्याने दुकानातून सिलिकॉनच्या नळ्या आणून टपाच्या छपरावर जेथे जेथे शंका आली तेथे तेथे लेप दिला. हौद्याच्या तळाशी चार लहान छिद्रे दिसली, तीही बुजविली. पुढच्या खेपेस तळाचा सबंध थर भिजलेला निघाला. गावातील कार्यकर्ता वाटेने जाताना भेटला, तेव्हा शेतकऱ्याने आपली अडचण सांगितली.

"भाऊसाहेब, भर उन्हात दार लावून आत बसून पाहिलं. छपराला उजेडाचा एक ठिपका नाही. मग हे पाणी येतं तरी कुठून?"

"अण्णा, उजेड सरळ जातो, पाणी वळण घेऊन जातं. आधी त्याची वाट शोधू, मग नळी हातात घेऊ. आणि तळाची ती छिद्रं आजच मोकळी करा. ती गळतीची नव्हेत, निचऱ्याची आहेत. आलेलं पाणी त्यांतून निघून जात होतं; आता ते कांद्याखाली साचतं."

या दोन वाक्यांत या विषयाचे सार आले आहे. पाणी कोठून येते हे न शोधता केलेला उपाय पुष्कळदा मूळ दुखण्याहून अधिक नुकसान करतो.

किती पाणी पडते?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. सुमारे ९ फूट लांब व साडेपाच फूट रुंद टपाचे क्षेत्र साधारण ४.६ चौरस मीटर भरते. वाटेत २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर सुमारे ११५ लिटर पाणी पडते. त्यातील शंभरावा हिस्सा जरी आत शिरला, तरी ते लिटरभराहून अधिक होते. आणि ते एकाच कोपऱ्यात उतरत असल्यामुळे तेथील गोणी चिंब होतात. गळतीचे छिद्र मोठे असावे लागत नाही, ते या हिशेबावरून ध्यानात येईल.

पाणी आत शिरण्याच्या वाटा

पाणी टपाच्या आत चार कारणांनी शिरते. पहिले कारण उतार. छपराला मध्ये उंचवटा नसेल, तर पाणी साचते व खिळ्या-स्क्रूच्या भोवतीने झिरपते. दुसरे कारण बारीक फटीतील ओढ. दोन पत्रे एकमेकांवर घट्ट बसलेले असले, तरी त्यांच्यामधील केसाएवढ्या फटीत पाणी आपोआप वर व आडवे ओढले जाते. कंदिलाच्या वातीत तेल चढते, तसाच हा प्रकार होय. अशा सांध्यातून उजेड दिसत नाही, परंतु पाणी येते.

तिसरे कारण वारा. धावत्या गाडीवर समोरून येणारा पाऊस केबिनच्या मागील व टपाच्या पुढील कडेवर जोराने आदळतो. उभ्या गाडीवर हंडाभर पाणी ओतले तरी जो सांधा गळत नाही, तो गाडी वेगात असताना गळतो. चौथे कारण पाठीमागची ओढ. वेगात धावणाऱ्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. चाकांनी उडविलेले पाणी व धूळ तिकडे खेचली जाते आणि मागच्या फाळक्याच्या फटींतून आत शिरते.

उन्हाळ्यात आत आलेली धूळ पाण्याची वाट आधीच दाखवून देते. हौद्याच्या कडेला अथवा फाळक्याच्या सांध्याशी धुळीची बारीक रेघ उमटली असेल, तर पावसाळ्यात तेथूनच पाणी येईल असे समजावे. म्हणून टप धुण्यापूर्वी या रेघा पाहून त्यांवर खडूने खुणा कराव्यात.

गळती की दव?

प्रत्येक ओल गळतीची नसते. कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो व त्यातून उष्णता आणि वाफ बाहेर पडते. सर्व बाजूंनी बंद असलेल्या टपात ही वाफ कोंडते आणि रात्री थंड झालेल्या पत्र्याच्या आतील बाजूस दवाप्रमाणे जमते. सकाळी छपरातून थेंब पडू लागतात व शेतकऱ्यास टप गळतो असे वाटते.

दोहोंतील फरक ओळखणे कठीण नाही. दव असेल, तर बारीक थेंब पत्र्याच्या सर्व भागांवर सारखे पसरलेले दिसतात, आणि पाऊस नसतानाही ते आढळतात. गळती असेल, तर पाणी एका ठिकाणाहून ओघळते व मागे मातकट डाग ठेवते. दवावर सीलंट हा उपाय नव्हे. तेथे हवा खेळती ठेवणे हाच उपाय होय. असा टप अधिक घट्ट बंद केला, तर माल अधिकच सडतो.

शोध कसा घ्यावा?

प्रथम टप रिकामा करून आतून पूर्ण कोरडा करावा. एका माणसाने विजेरी घेऊन आत बसावे. दार आतून सहज उघडता येईल याची खात्री करावी व इंजिन बंद ठेवावे. लहान मुलास आत बसवू नये. दुसऱ्या माणसाने नळीने पाणी सोडावे. परंतु आरंभ छपरापासून न करता तळापासून करावा. प्रथम फाळक्याची खालची कड, नंतर हौद्याचा काठ व टप यांमधील सांधा, मग खिडक्या व बिजागऱ्या, आणि सर्वांत शेवटी छप्पर. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे पाणी चालू ठेवावे. वरून आरंभ केला, तर पाणी सर्वत्र ओघळते व नेमका दोष कोणत्या सांध्याचा ते कळत नाही. आत पाणी दिसताच ते ओघळ वर जेथवर जाते तेथवर न्याहाळावे आणि उगमाशी खूण करावी.

मागच्या फाळक्याची परीक्षा वर्तमानपत्राच्या पट्टीने होते. पट्टी सांध्यात धरून फाळका बंद करावा व ती ओढून पाहावी. ती अडकत अडकत निघाली, तर रबर नीट दाबले जाते असे समजावे. अलगद निघाली, तर तेथे फट आहे. वीतभर अंतराने ही परीक्षा सर्व कडांवर करावी.

वरील प्रसंगातील गाडीची अशी परीक्षा केली असता छप्पर निर्दोष आढळले. दोष दोन ठिकाणी होता. केबिनमागे टपाची पुढील कड हौद्याच्या काठावर जेथे टेकते, तेथील स्पंजची पट्टी चेपून पाणी शोषू लागली होती. आणि फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यांत रबर मुळीच नव्हते. सिलिकॉनच्या साऱ्या नळ्या निर्दोष छपरावर खर्ची पडल्या होत्या.

साहित्याची निवड

बाजारात मिळणारे प्रत्येक साहित्य प्रत्येक सांध्यास चालत नाही. टप व हौद्याचा काठ यांमध्ये बसविण्यासाठी बंद छिद्रांच्या रबरी फोमची पट्टी घ्यावी. गादीच्या स्पंजासारखी उघड्या छिद्रांची पट्टी पाणी शोषून धरते व वातीप्रमाणे आत पोहोचविते. ओळखण्यासाठी तुकडा पाण्यात बुडवून पिळून पाहावा. पाणी निघाले, तर ती पट्टी घेऊ नये. ईपीडीएम जातीचे रबर ऊन व हवा यांस साध्या रबरापेक्षा अधिक काळ टिकते; मात्र त्यास तेल व ग्रीस लागू देऊ नये.

एकावर एक येणाऱ्या पत्र्यांच्या सांध्यात ब्यूटाइलची चिकट पट्टी उत्तम. ती वाळून कडक होत नाही, म्हणून गाडीच्या हादऱ्याने तडकत नाही. घरातील तावदानांना लावण्याची लांबी येथे उपयोगी नाही. ती कडक होते व हादऱ्याने सुटते.

सिलिकॉन घेताना एक दक्षता आवश्यक आहे. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून आम्ल बाहेर पडते व उघड्या अगर जस्त चढविलेल्या पत्र्यास ते गंज आणते. पत्र्यासाठी 'न्यूट्रल' असे लिहिलेलेच सिलिकॉन घ्यावे. सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही. ज्या सांध्यावर पुढे रंग द्यावयाचा आहे, तेथे पॉलियुरेथेन सीलंट वापरून त्यावर रंगाचा हात द्यावा. उन्हापासून त्याचेही रक्षण होते.

प्रत्यक्ष कृती

हे काम उन्हाळ्याच्या अखेरीस, कोरड्या दिवशी करावे. टप उतरविण्यास निदान चार माणसे असावीत. जुनी पट्टी व जुने सिलिकॉन पातळ पात्याने पूर्णपणे खरवडून काढावे. गंज असेल तेथे पॉलिश पेपरने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासावे, रेड ऑक्साइडचा हात द्यावा, वर रंग द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा. शेवटी फडके स्पिरिटमध्ये भिजवून काठ पुसावा. धूळ किंवा तेलकटपणा राहिल्यास उत्तम साहित्यही फुकट जाते.

पट्टी किती जाड घ्यावी, याचा अंदाज घरच्या कणकेने घेता येतो. काठावर हातभर अंतराने कणकेच्या लहान गोळ्या ठेवून त्यावर कागद टाकावा, टप जागेवर ठेवून बोल्ट हलके आवळावेत व पुन्हा उचलावा. चेपलेल्या गोळीची जाडी म्हणजे तेथील फट. पट्टी दाबली जाऊन तिची जाडी सुमारे एक-चतुर्थांशाने कमी व्हावी, असा हिशेब ठेवावा. फट ९ मिलिमीटर असेल, तर १२ मिलिमीटर जाडीची पट्टी योग्य. फट जागोजागी फार वेगळी असेल, तर आधी काठ ठोकून सरळ करून घ्यावा. जाड पट्टीने वाकडेपणा झाकण्याचा प्रयत्न करू नये.

पट्टी अखंड असावी. जोड द्यावाच लागला, तर तो पुढच्या कडेवर अथवा कोपऱ्यात देऊ नये. पाठीमागच्या बाजूस द्यावा व टोके एकमेकांना भिडवून सीलंटने जोडावीत. पट्टी ओढून ताणून लावू नये, कारण ती पुढे आकसते व जोड उघडा पडतो. टप ठेवल्यावर बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. आठवड्याने पट्टी बसते व बोल्ट सैल होतात. तेव्हा ते पुन्हा तपासावेत.

छपराच्या सांध्यांच्या बाबतीत कौलारू घराचा नियम आठवावा. वरचे कौल खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी आत जात नाही. गाडीच्या टपात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. गाडी पुढे धावते, म्हणून पुढचा पत्रा मागच्या पत्र्यावर यावा. उलट बसविल्यास वारा पाणी सांध्यात कोंबतो. दोन पत्र्यांमध्ये ब्यूटाइलची पट्टी ठेवून मग स्क्रू लावावेत. पन्हळी पत्र्यावर स्क्रू उंचवट्यावर लावावा, खोलगटीत लावू नये. स्क्रूखाली रबरी वायसर घालावा, व तो चेपून बाहेर येईल इतके आवळू नये.

बाहेरील कडेवर सीलंटची सलग रेघ ओढून ओल्या बोटाने ती सारखी करावी. वरून ते लवकर सुकल्यासारखे दिसते, परंतु आतपर्यंत पक्के होण्यास एक ते दोन दिवस लागतात. तोवर गाडी पावसात अथवा खडबडीत रस्त्यावर नेऊ नये.

मागचा फाळका व पागोळी

सर्वाधिक दुर्लक्षित भाग मागचा फाळका होय. त्याच्या दोन्ही बाजूंस व तळास पोकळ रबराची पट्टी बसवावी. खालच्या दोन कोपऱ्यांत पट्टी तोडून न लावता वळवून न्यावी. बिजागऱ्या झिजल्या असतील किंवा कडी सैल झाली असेल, तर आधी त्या दुरुस्त कराव्यात. रबर कितीही चांगले असले, तरी दाबच नसेल तर ते निरुपयोगी ठरते.

मागच्या दारावर छपराची कड सरळ कापलेली असेल, तर पाणी तिला चिकटून खालच्या अंगाने आत वळते. ही कड दोन-तीन सेंटिमीटर खाली वाकवून घ्यावी. घराच्या वळचणीला जशी पागोळी गळते, तसे पाणी मग त्या कडेवरून बाहेरच्या बाहेर पडते. एवढी एक घडी केल्याने पुष्कळ ठिकाणी सीलंटची गरजही उरत नाही.

काय बंद करू नये

वरच्या व समोरच्या वाटा बंद कराव्यात. खालच्या व हवेच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. हौद्याच्या तळाची निचऱ्याची छिद्रे आणि सरकत्या खिडक्यांच्या खाचांतील बारीक छिद्रे कधीही बुजवू नयेत. दर महिन्यास तार घालून साफ करावीत. टपाच्या दोन्ही बाजूंस वरच्या भागात झडपा असाव्यात व त्यांची तोंडे खाली आणि मागील बाजूस असावीत. हौद्यात लाकडी फळ्यांची जाळी घालून त्यावर माल ठेवला, तर चुकून आलेले पाणी खालून निघून जाते आणि कांद्यास खालूनही हवा लागते. मालाने भरलेली गाडी रात्रभर बंद उभी ठेवण्याचा प्रसंग आल्यास, पाऊस नसताना मागचे दार उघडे ठेवावे व राखणीस माणूस ठेवावा.

ज्यांच्याकडे टप नाही, ते कमानी बसवून ताडपत्री बांधतात. तेथेही हेच नियम लागू आहेत. कमानीमुळे मध्ये उंचवटा राहतो व पाणी साचत नाही. ताडपत्रीचा पुढचा पदर मागच्यावर यावा. कड हौद्याच्या काठाच्या आत न खोचता बाहेर खाली सोडून दोरीने बांधावी. आत खोचलेली ताडपत्री पाणी थेट मालावर आणून सोडते.

नवा टप बांधून घेणाऱ्याने आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. वाहनातील फेरबदलांविषयी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये तरतूद आहे. टपाचे वजन मालाच्या मर्यादेतून वजा होते, हेही विसरू नये.

शाकारणीबरोबरच टप

पूर्वापार शेतकरी मृगापूर्वी घर शाकारतो. त्याच आठवड्यात गाडीच्या टपाची पाहणी करण्याचा परिपाठ ठेवावा. बोल्ट आवळणे, रबर पुसणे, छिद्रे मोकळी करणे व पाण्याची परीक्षा घेणे, एवढ्यास अर्धा दिवस पुरतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एका गाडीवर ही परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखविल्यास इतरांस ती सहज समजेल.

वरील प्रसंगातील शेतकऱ्याने तळाची छिद्रे मोकळी केली, पुढच्या काठाची पट्टी बदलली, फाळक्यास रबर लावले व मागची कड वाकवून घेतली. छपरावरील लेपास त्याने हातही लावला नाही. भाद्रपदातील पुढची खेप भर पावसात गेली. खळ्यावर माल खाली होत असताना तो गाडीशेजारीच उभा होता. तळाची शेवटची पाटी रिकामी झाली, तेव्हा त्याने वाकून हौद्याच्या फळीवरून हात फिरविला. हातास धूळ लागली, ओल लागली नाही.